स्पेडफूट बेडकाचं बारसं

अरे, इथे अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावच्या देशपांडे काकांना अन्याय अजिबात खपत नाही. २००५ साली एका पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या जेवणात, मी माझ्या रिसर्चमधल्या स्पेडफूट बेडकाबद्दल सांगत होतो. "आधी त्याची स्वतंत्र जात होती. मग दुसऱ्याची पोटजात केली, पुन्हा वेगळी काढली आणि शेवटी आडनाव बदलावं तसं कुळाचं नावही बदललं."

काका उसळले, "त्या मुक्या जिवाला कुणी विचारलं का?"

लग्नात तांदळात नाव लिहून काकांनीच सुमनची वैजयंती केली होती. त्या वैजयंती काकू पुरी वाढत म्हणाल्या, "राहतो कुठे रे तो?"

"डोंगरापलीकडच्या कोरड्या भागात. पहिल्यापासून तिथेच."

"मग नशीबवान आहे. नाव बदललं, पण गाव तरी नाही सोडायला लावलं."

काकांचा बेडकाबद्दलचा जिव्हाळा तिथेच आटला.