ओनेलियाचा नंबर

बेसबॉलच्या मैदानाबाहेर, करंजीसारख्या तळलेल्या एम्पनाडांच्या रांगेत इरमाच्या पुढे दोघी मैत्रिणी होत्या.

“ओनेलिया, नंबर आला की गं तुझा!”

“तू घे. मी पुन्हा मागे जाते.”

“चौथ्यांदा?”

“मी आत बसले होते, तर माझ्या पोरानं, विल्किननं टाकलेला पहिलाच चेंडू समोरच्यानं भिंतीपार मारला. मी रांगेत आल्यापासून एकाची तरी बॅट लागलीय का त्याच्या चेंडूला?”

“अगं, पण उपाशी मरशील!”

“अमेरिकेतल्या संघाचा माणूस बघायला आलाय त्याला. खाईन नंतर.”

एम्पनाडावाल्याचा रेडिओ ओरडला, “आता शेवटचा गडी!”

इरमा वळली. “थांबा मावशी, मीही येते मागे.”

“मग आम्हीपण!” रांगेतले बाकीचे ओरडले.

“अहो, मग विकू कोणाला?”

एम्पनाडावाल्यानं गॅस बंद केला आणि तो बाहेर आला.

“सरका जरा. तुमच्या मागे मी.”