केंद्राच्या कपाटातील रबरी पिशव्यांबाबत

जबाब. ता. ९ फेब्रुवारी १९६७. पोलीस दूरक्षेत्र खाजणवाडी, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी.

माझे नाव धोंडू बाबली खोबरेकर, वय २३ वर्षे, धंदा किराणा दुकानात कारकुनी, शिक्षण मराठी सहावी, राहणार खाजणवाडी.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील ठिकाणी मी आईवडील व दीड वर्षाची मुलगी सुगंधा यांच्यासह राहतो. माझी पत्नी मथुरा मागील महिन्यात वारली.

सुगंधाच्या वेळी मथुरेला फार रक्तस्राव झाला होता. नर्स आनंदीबाई यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "धोंडू, तीन वर्षां तरी दुसरा नको. नायतर मथुरा वाचाची नाय. केंद्रात रबरी पिशवे फुकट गावतत, ते घेवन ये."

त्यावरून मी गावातील कुटुंबनियोजन केंद्रात गेलो. दारावर 'सर्व साधने विनामूल्य' अशी पाटी आहे. कंपाउंडर भाई तिरोडकर यांनी माझी मागणी ऐकून, बाहेर बाकावरच्या लोकांना ऐकू जाईल असे म्हटले, "एक चेडू झाला नि इतक्यात दमलंस रे? आधी तीन पोरां होवंदेत. नायतर बापाशीक घेवन ये." मी नर्सबाईंचे म्हणणे सांगितले. त्यांनी कपाटाला कुलूप लावले.

त्याच दिवशी त्यांनी मासळीबाजारात ही गोष्ट माझ्या वडिलांच्या कानावर घातली. वडिलांनी घरी सर्वांसमोर मथुरेला विचारले, "माझो वंश बुडवूक इलंस काय गो?"

काही दिवसांनी मी पुन्हा केंद्रात गेलो. ओट्यावर होडीवाले होते. आमच्याकडे समुद्रात जाताना विड्या व आगपेटी या रबरी पिशवीत घालून तोंडाला गाठ मारतात. पाणी आत जात नाही. कंपाउंडर त्यांना मुठीने पिशव्या देत होते व मोबदल्यात बांगडा मासळीची गाथण घेत होते. मी म्हटले, "भाईनूं, ह्यांका देतास, मगे माका कित्याक नाय?" तेव्हा होडीवाल्यांपैकी बाबू तांडेल म्हणाला, "अरे, आमची आगपेटी भिजली तर पेटाची नाय. तुझा काय भिजता?" सर्व हसले. कंपाउंडरही हसले. मी हात पुढे केला तेव्हा बाबूने एक पिशवी फुगवली, गाठ मारली आणि "घे, चेडवाक खेळूक" म्हणून माझ्या हातात दिली.

मथुरेला पुन्हा दिवस गेले. चौथ्या महिन्यात रक्तस्राव सुरू झाला. मालवणला नेताना खाडीतच ती वारली. होडी बाबू तांडेलची होती.

काल ता. ८ रोजी सकाळी मी केंद्रात गेलो. वल्ह्याने कपाटाची काच फोडली. भाई तिरोडकर यांना हात लावला नाही. खुर्चीवरून उठू नका, एवढेच सांगितले. पिशव्यांचा खोका उचलून तिठ्यावर आणला आणि येणाऱ्याजाणाऱ्या तरुण माणसांना वाटला. पोरे किती, बाप कोण, हे कोणाला विचारले नाही. आगपेटीसाठी मागणाऱ्यास दिली नाही. ज्यांनी घेतल्या त्यांची नावे मी सांगणार नाही.

भाई तिरोडकर यांनी माझ्याविरुद्ध चोरीची तक्रार दिली आहे. काच फोडली हे कबूल आहे. तिची भरपाई देईन. चोरी कबूल नाही. फुकट वाटण्याच्या वस्तू मी फुकट वाटल्या. भाई तिरोडकर यांचे ते काम होते. माझ्या घराची झडती झाली, त्यात काही सापडले नाही. पुन्हा घेतली तरी सापडणार नाही. मी स्वतःसाठी एकही ठेवली नाही.

जमादारांनी हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मयत पत्नीचे वय लिहायचे राहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून येथे वीस असे घातले. बाकी मी सांगितले तसेच आहे.

सही – धोंडू बाबली खोबरेकर