बहात्तर सालच्या मर्सिडीज

सिंगापूरच्या सेरंगून भागातल्या क्लिनिकमध्ये मीनल आपल्या नंबराची वाट बघत होती. पुढच्या बाकावर एक आजी नवऱ्याकडून उजळणी करून घेत होत्या. आत आजोबांच्या स्मरणशक्तीची तपासणी व्हायची होती.

"आज वार कोणता?"

"ते मी पेपरात बघतो."

"डॉक्टर पेपर देणार नाहीत. सकाळी काय खाल्लंत?"

"तू दिलंस ते."

"कर्म माझं! बरं, बहात्तर सालच्या मर्सिडीज सांगा."

"दोनशे, दोनशे वीस डिझेल, दोनशे पन्नास कूपे. त्याच्या वर दोनशे ऐंशी एसई. आणि साडेतीनशे एसएल, टप उघडणारी."

"हे बरं पाठ आहे! आपलं लग्न कधी झालं?"

"त्याच साली. वरातीला तुझ्या मामांची दोनशे वीस डिझेल होती. तू रडत होतीस."

"आणि तुम्ही ड्रायव्हरला गिअर विचारत होतात."

"चारच होते. अगं, तूही आत चल."

"कशाला?"

"तुझं नाव विचारलं तर?"

आजींनी त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली.

"पन्नास वर्षं नुसत्या 'अगं'वर भागवलंत, दुसरं काय होणार! स्मिता. म्हणा बघू."

"स्मिता."

"आता जरा मोठ्यानं."

बोर्डावर मीनलचा नंबर लागला. ती उठली नाही.