काकांनी बांधलेलं लाळेरं

आमच्या नदीघाटाजवळच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या काकांसमोर शब्द उच्चारताना जरा जपूनच, बरं का. परवा नातवाचं उष्टावण होतं. पुण्याची सून सहज म्हणाली, "बाळाचं बिब कुठंय?"

झालं! काका उसळले, "बिब काय बिब? लाळेरं म्हण! लाळ टिपतं ते लाळेरं. शब्दातच अर्थ आहे, कोश उघडायला नको!"

तिकडे खिरीवर साय धरली, बाळानं भोकाड पसरलं. शेवटी काकूंनी लाळेरं काकांच्याच हातात कोंबलं. "बांधा आता."

काकांनी मोठ्या ऐटीत बांधलं. गाठ बाळाच्या हनुवटीखाली आणि कापड पाठीवर, घाटावरच्या पंड्याच्या उपरण्यासारखं!

काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो पंडितजी, शब्द पाठ, पण बांधता येईना! आपली तिन्ही पोरं काय लाळ न गाळताच वाढली?"