न मोजता ठिपके

परीक्षेच्या खोलीबाहेर आपल्या पाळीची वाट बघणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानावर शेजारच्या बाकावरचं बोलणं पडत होतं. आत गेलेल्या मुलीचे वडील होते आणि तिची आत्या.

“डॉक्टरेटसाठी तिनं पाच वर्षं ठिपके मोजले होय रे, दादा?”

“रांगोळीसारखा ठिपक्याला ठिपका जोडून आकार काढायचा. तो शंभरपट वाढव, त्यात किती ठिपके बसतील ते तिचं सूत्र न मोजता सांगतं.”

“आणि उणे शंभरपट केला, तर?”

“तर तेच सूत्र कडेचे ठिपके गाळून नुसते आतले किती ते सांगतं.”

“काहीतरीच. नापास झाली तर मी तोंड कुठं लपवू? सगळ्या नातेवाइकांना सांगून बसलेय.”

दार उघडलं.

“आत्या, झाले पास.”

आत्यानं चष्मा सारखा केला आणि विद्यार्थ्याकडे वळून विचारलं, “तुम्ही अजून मोजूनच बघता का?”