बिननावाची शोकसभा

सदर बाजारात कापड विकता विकता एक कळलं बघा, गिऱ्हाईक कशासाठी घराबाहेर पडतं ते आधी ओळखावं. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातलं आमचं मराठी वाचनालय सांभाळणारे नानाकाका हे फार उशिरा शिकले. दर महिन्याला ते फळ्यावर ‘कथावाचन’ लिहायचे आणि रिकाम्या खुर्च्यांना कथा वाचून दाखवायचे. शेवटी कमिटीनं बजावलं, या खेपेला कोणी आलं नाही तर वाचन बंद.

काकांनी फळ्यावर ‘शोकसभा’ लिहिलं. नाव लिहिलंच नाही.

हॉल भरला. सगळे पांढऱ्या कपड्यांत, एकमेकांना विचारताहेत, “भैया, कौन गया?”

काका उठले. “कोणी गेलं नाही. पण आता आलेच आहात तं एक कथा ऐकून जा.”

लोक ओशाळून बसून राहिले. कथा संपली, टाळी काही वाजली नाही. सवयीनं एक जण मौनासाठी उभा राहिला, मग सगळेच राहिले. काकाही हात जोडून उभे.

बाहेर पडताना मी विचारलं, “काका, तुम्ही काहून उभे राहिले?”

“इतके लोक उभे राहिले, शेट. मले वाटलं, कोण गेलं ते तुमाले माहीत असंल.”