भातात मुरवलेले मासे

बिवा तळ्याकाठच्या दवाखान्यात किनुए आपल्या नंबरची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारी आणि ओसाकाहून आलेला तिचा पन्नाशीचा लेक बोलत होते.

"आई, यंदा उन्हाळ्यात मी सुट्टी काढतो. भातात मासे मुरवायला घालू."

"पिंप दिलं रे."

"कुणाला?"

"शेजारच्या ओगुराबाईंना. त्यांनी त्यात शेवंती लावली."

"मला विचारायचंस तरी."

"तुलाच विचारून दिलं. तू म्हणालास, आता पाठवू नकोस, डबा उघडला की मुलं नाक दाबून पळतात."

"मुलं पळायची. मी कुठे पळत होतो?"

"ते नाही सांगितलंस."

"मग त्या वर्षीचे मासे?"

"मीठ लावून झालं होतं. टाकले."

"थोडे स्वतःसाठी तरी ठेवायचेस."

"एकट्या जिवासाठी कोण वर्षभर पिंपावर धोंडे ठेवून बसतं?"

किनुएला तो आंबट, उग्र वास आठवला आणि तोंडाला पाणी सुटलं.

"नवीन पिंप आणू. तू खुर्चीवर बसून नुसतं सांग."

"काय सांगू?"

"मीठ किती, भात किती, सगळं."

"ते मी कधी मोजलं होतं? हाताला कळायचं."

"मग हात लावून बघ आणि सांग."

"या बोटांना आता चहाचा कपसुद्धा गरम लागत नाही, मिकिओ."

तेवढ्यात नर्सने म्हातारीचं नाव पुकारलं. मिकिओने आईचे दोन्ही हात धरून तिला उठवलं. ती नीट उभी राहिली, तरी त्याने ते सोडले नाहीत.